सहा घरांची चक्री

छंद कोणाला कशाचा लागावा याला काही धरबंध नाही. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी जुनी नाणी, कोणी अडकित्ते. ऐकणारा कौतुकाने मान डोलावतो आणि चहाचा दुसरा कप पुढे करतो. मला अलीकडे जो छंद लागला आहे त्याचे नाव काढले, की ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे पाहतो आणि मग हळूच खुर्ची मागे सरकवतो. हा छंद जुन्या रिव्हॉल्व्हरांचा आहे. त्यातही ज्यांचा घोडा प्रत्येक बाराआधी अंगठ्याने मागे ओढून चढवावा लागतो, त्या जुन्या जातीचा. इंग्रजी नावच आपल्याकडे रुळले आहे, सिंगल अ‍ॅक्शन.

आणि हा छंद लागावा कुठे, तर चारठाण्यात! परभणी जिल्ह्यातले, जिंतूर तालुक्यातले हे आमचे गाव ओळखले जाते ते शेकडो वर्षांच्या देवळांसाठी. गोकुळेश्वर, उकंडेश्वर, आभाळाकडे गेलेला तो कोरीव स्तंभ, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत जाणारी बारव, असा सगळा दगडाचा संसार. इथे छंद लागायचा तर मूर्तींचा लागावा, शिलालेखांचा लागावा. विलायती लोखंडाचे इथे काय काम, असे मला अनेकांनी विचारले आहे.

वाचकांनी मात्र खुर्ची मागे सरकवण्याचे कारण नाही. माझ्या घरात एकही रिव्हॉल्व्हर नाही आणि ते येण्याचा संभवही नाही. माझा सारा संग्रह एका दोनशे पानी वहीत मावतो. संग्राहकाच्या घरात वस्तू नसावी आणि वही असावी, असे का झाले, याची हकीकत मोठी आहे. ती अमेरिकेत सुरू होते, कलकत्त्याला जाते, आणि आपल्या दक्षिण महाराष्ट्राच्या सरहद्दीवर येऊन रक्ताने माखते.

सुरुवात एका कादंबरीपासून झाली. १८५८ सालच्या एका प्रसंगात मला एका इंग्रज अंमलदाराच्या हाती रिव्हॉल्व्हर द्यायचे होते. ते त्याने धरायचे कसे, किती बार काढायचे, मग पुन्हा भरायला किती वेळ लागायचा, हे कळल्याशिवाय लेखणी पुढे सरकेना. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळ्या पहाडाच्या संगतीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना पिस्तुलाची ओळख नव्याने करून द्यायला नको. 'शोले' १९७५ साली आला आणि रिव्हॉल्व्हरची फिरणारी चक्री खेडोपाडी पोचली. सहा घरे, त्यांत उरलेल्या तीन गोळ्या आणि समोर उभी तीन माणसे, हा हिशेब आजही शेंबडे पोर सांगते. पण चक्री फिरते कशी आणि नेमकी नळीसमोर थांबते कशी, हे विचारले तर मोठी माणसेही गप्प होतात. त्या 'कशी' ने मला पकडले.

आधी आपल्या भाषेचे कौतुक केले पाहिजे. बंदुकीला नावे देताना मराठी माणसाने मोठी चतुराई दाखवली. नाव घेताच दारूपर्यंत आग कशी पोचते ते कळावे. जिला सुताचा जळता तोडा लावावा लागे ती तोड्याची बंदूक. जिच्यात गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडे ती चकमकीची. जिच्यात तांब्याच्या इवल्याशा टोपीवर घोडा आपटे ती टोपीची. आणि दारू नि गोळी नळीच्या तोंडातून गजाने ठासून भरायची म्हणून ती ठासणीची. तिलाच भरमार असेही म्हणत. तीनचारशे वर्षांचा शस्त्रांचा इतिहास या चार-पाच शब्दांत बसला आहे.

टोपीची गोष्ट तर दिवाळीच्या दिवसांत अगदी अंगणात पाहता येते. मुलांच्या हातात टिकल्यांचे पिस्तूल असते ना? टिकलीत आपटले की पेटणारा मसाला असतो. घोडा पडतो, टिकली फुटते, आजी दचकते. खऱ्या टोपीतला मसाला वेगळा आणि फार जहाल, पण कल्पना तीच. ही कल्पना बंदुकीला लावली ती स्कॉटलंडमधल्या अलेक्झांडर फॉरसाइथ नावाच्या एका धर्मोपदेशकाने. गृहस्थ शिकारीचा षौकीन. चकमकीची बंदूक आधी बाहेर भडका करते आणि मग बार काढते. तेवढ्या पळभरात पाणपक्षी सावध होऊन उडून जात. पाद्रीबुवांनी खटपट करून आपटीने पेटणाऱ्या मसाल्याची युक्ती काढली आणि १८०७ साली तिचे पेटंट घेतले. पाखरे उडू नयेत म्हणून काढलेल्या त्या युक्तीवर पुढे साऱ्या जगाची सैन्ये सजली.

आता चक्रीकडे वळू. एक लोखंडी लाटण्याचा तुकडा घ्यावा आणि त्याच्या गाभ्याभोवती कडेकडेने पाच-सहा भोके पाडावीत, म्हणजे चक्री झाली. प्रत्येक भोक हे एक घर. जुन्या टोपीच्या रिव्हॉल्व्हरात प्रत्येक घरात पुढून दारू घालायची, वर शिशाची गोळी दाबून बसवायची आणि मागच्या बारीक टोकावर टोपी चढवायची. मग अंगठ्याने घोडा मागे ओढायचा. घोडा मागे येता येता आतला एक बारीक पंजा चक्रीच्या मागच्या दात्यांना ढकलतो, चक्री बरोबर एक घर पुढे सरकते, आणि खालून एक खुंटी वर येऊन खाचेत बसते. भरलेले घर नळीच्या रेषेत आले आणि तिथेच जखडले गेले. चापाकडे काम उरते ते फक्त घोडा सोडण्याचे. चाप एकच काम करतो, म्हणून सिंगल अ‍ॅक्शन. टिकल्यांच्या पिस्तुलात चाप ओढताच घोडा आपणहून वर जातो आणि आपटतो. चाप दोन्ही कामे करतो, म्हणून ती डबल अ‍ॅक्शन. एवढा फरक समजला की या छंदाची मुळाक्षरे आली.

चक्रीची कल्पना कोण्या एकाची नव्हे. एलिशा कोलियर या अमेरिकनाने १८१८ साली लंडनमध्ये चकमकीच्या फिरत्या चक्रीचे पेटंट घेतले होते आणि त्या घडणीची हत्यारे हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेपर्यंत पोचली होती. पण घोडा चढवताच चक्री फिरून जखडावी, ही जोडणी व्यवहारात उतरवली ती सॅम्युएल कोल्टने. आणि या कोल्टाचा पहिला मोठा प्रवास कुठला, तर कलकत्त्याचा! १८३० साली, सोळा वर्षांचा असताना, तो बोस्टनहून कोर्व्हो नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून चढला आणि कलकत्त्याला येऊन गेला. याच सफरीत त्याने चाकूने लाकूड कोरून आपल्या फिरत्या चक्रीचा नमुना केला. जहाजाचे सुकाणूचे चाक फिरवून हव्या त्या जागी अडकवताना पाहून त्याला ही युक्ती सुचली, अशी आख्यायिका आहे. काही अभ्यासक म्हणतात, त्याने कोलियरचे हत्यार पाहिले असावे. काही असो, अमेरिकेच्या या जगप्रसिद्ध शस्त्राचा लाकडी गर्भ हिंदी महासागरावर डुलत वाढला, ही गोष्ट आमच्या शाळेतल्या मुलांना सांगितली की त्यांचे डोळे चमकतात.

पुढचा प्रवास सरळ नव्हता. २५ फेब्रुवारी १८३६ रोजी कोल्टला अमेरिकेचे पेटंट मिळाले, पॅटरसन गावी कारखाना निघाला आणि १८४२ साली तो बुडाला. त्याला पुन्हा उभे केले ते मेक्सिकोच्या लढाईने. कॅप्टन सॅम्युएल वॉकर या टेक्सासच्या लढवय्याने सुधारणा सुचवल्या आणि १८४७ साली सरकारने एक हजार नगांची मागणी दिली. हे वॉकर रिव्हॉल्व्हर वजनाला दोन किलोच्या घरात. कमरेला लावायचे की खोगिराला, हाच प्रश्न. खोगिरालाच लावीत. मग १८५१ साली आले ते 'नेव्ही'. सव्वा किलोच्या आसपास वजन, आठकोनी नळी, हातात बसणारी मूठ. हार्टफर्डच्या कारखान्यात ती दोन लाखांवर घडली आणि लंडनच्या कारखान्यात चाळीस हजारांवर.

नवशिक्याचे मन जडते ते या नेव्हीवर. तिच्या चक्रीभोवती एक समुद्रयुद्ध कोरलेले असते. टेक्सास आणि मेक्सिको यांच्या आरमारांची लढाई, आणि तारीख १६ मे १८४३. त्या चित्रावरून हिचे नाव नेव्ही. संग्राहक भिंग लावून आधी हे चित्र पाहतात. चर्मकोशात घासून, घामाने, गंजाने जहाजे पुसट होत जातात. शिडे शाबूत असली तर हत्यार कपाटात राहिले, नुसत्या लाटांच्या खुणा उरल्या तर ते फार हिंडले. घासलेले चित्र हीसुद्धा एक बखर आहे, फक्त ती वाचायला शिकावे लागते.

पुढे पितळी काडतूस आले. घोडा चढवायचा तो अंगठ्यानेच, पण दारू, गोळी, टोपी असे वेगवेगळे भरण्याची यातायात संपली. आरपार भोकांच्या चक्रीचा हक्क स्मिथ आणि वेसन या कंपनीने बांधून ठेवला होता. त्याची मुदत १८६९ साली संपली आणि १८७३ साली कोल्ट कंपनीचे सिंगल अ‍ॅक्शन आर्मी बाहेर पडले. स्वतः सॅम्युएल कोल्ट १८६२ सालीच वारला होता. घोडेस्वारांच्या सिनेमात आपण जे पाहतो ते बहुतेक हेच. याचा घोडा मागे ओढताना चार वेळा 'टक्' असा आवाज येतो आणि कोल्ट हे इंग्रजी नावही चार अक्षरांचे, म्हणून रसिक म्हणतात की हत्यार आपल्या धन्याचे नाव घेते. सहा घरे असूनही जाणता माणूस पाचच भरीत असे. घोड्याखालचे घर रिकामे ठेवी. घोड्यावर धक्का बसला तर आपल्याच मांडीत गोळी जाऊ नये, एवढीच त्यातली गोम. १९४१ च्या सुमारास हे बनवणे थांबले होते. दूरचित्रवाणीवरच्या घोडेस्वारांनी मागणी एवढी वाढवली की १९५६ साली कारखान्याला ते पुन्हा काढावे लागले.

इथवर सगळा मौजेचा मामला. आता आपल्याकडे येऊ.

१८५१ साली लंडनमध्ये मोठे जागतिक प्रदर्शन भरले. कोल्टने तिथे आपला माल मांडला आणि त्याच्यासमोर उभा ठाकला इंग्रज कारागीर रॉबर्ट अ‍ॅडम्स. अ‍ॅडम्सचे रिव्हॉल्व्हर नुसत्या चापावर चाले. त्या काळी अंमलदार आपले कमरेचे हत्यार पदरच्या पैशाने घेत. हिंदुस्थानात नेमणूक झालेले तरुण कोल्ट घ्यावे की अ‍ॅडम्स, यावर वाद घालीत. कोल्टचा नेम लांबवर, पण अंगठा दर बारामागे हवा. अ‍ॅडम्सचा चाप जड, पण अंगावर आलेल्या माणसाला भराभर बार काढता येत. १८५६ साली इंग्रजी लष्कराने अ‍ॅडम्सची सुधारलेली जात स्वीकारली आणि पुढच्याच साली सत्तावन्नचा वणवा पेटला. तलवार, भाला आणि ठासणीची बंदूक एका बाजूला; एका मुठीत पाच-सहा बार दुसऱ्या बाजूला. वर्गात हे प्रकरण शिकवताना शौर्याची गोष्ट सांगतो, तशी आता या चक्रीचीही सांगतो. शौर्याला कमीपणा येतो म्हणून नव्हे. समोर काय होते हे कळले म्हणजे ते शौर्य केवढे होते ते समजते.

त्याच साली, १८५७ मध्येच, कंपनी सरकारने हत्यारबंदीचा कायदा केला. प्रजेने शस्त्रे दाखवावीत, परवाना घ्यावा, नाहीतर जमा करावीत. आपल्या मुलखात शस्त्र म्हणजे केवळ मारण्याचे साधन नव्हते. दसऱ्याला त्याची पूजा होई. वतनाची, घराण्याची, माणसाच्या पतीची ती खूण होती. गावोगावच्या वीरगळांवर पाहा, पडलेल्या वीराच्या हाती शिल्पकाराने शस्त्र दिल्याशिवाय सोडलेले नाही. मुधोळच्या घोरपड्यांच्या संस्थानात हलगली नावाचे गाव आहे. आज ते कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात येते. तिथल्या बेरडांनी हत्यारे द्यायचे नाकारले. नोव्हेंबर १८५७ मध्ये इंग्रजी फौज गावावर चालून गेली, गाव जाळले गेले, धरलेल्यांपैकी अनेकांना फाशी दिले. मोठे संस्थान नाही, तख्त नाही, पेशवाईचे स्वप्न नाही. एका गावाने आपली रोजची हत्यारे हातची सोडायला नकार दिला, एवढेच.

शेजारीच नरगुंद. तिथले संस्थानिक भास्करराव भावे, लोकांचे बाबासाहेब. दत्तक घ्यायला परवानगी नाकारल्याचे शल्य मनात होते, त्यावर शस्त्रांसाठी सरकारचा तगादा आला. २९ मे १८५८ च्या रात्री दक्षिण मराठा मुलखाचा पोलिटिकल एजंट चार्ल्स मॅन्सन याला सुरेबान गावी बाबासाहेबांच्या लोकांनी गाठले. मॅन्सनने आपले रिव्हॉल्व्हर झाडले, पण चालून आलेल्या जमावापुढे चक्रीतली घरे अपुरी पडली आणि तो मारला गेला. दोन आठवड्यांच्या आत, १२ जूनला, बाबासाहेबांना बेळगावात फाशी झाली.

माझ्या कादंबरीतला अंमलदार या रात्रीच्या आसपासचा. हत्यार कसे धरायचे एवढेच शोधायला मी निघालो होतो. पण हलगली आणि नरगुंद वाचल्यावर चक्रीची दुसरी बाजू दिसली. जिथे एका मुठीत सहा बार येतात, तिथे दुसऱ्या मुठीतली तलवारही का काढून घेतली जाते, हा खरा इतिहासाचा प्रश्न आहे.

लढाई संपली तरी कायदा संपला नाही. १८७८ साली व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत सबंध ब्रिटिश हिंदुस्थानासाठी शस्त्रकायदा झाला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा. गोऱ्यांना नियमांनी सूट. दुसऱ्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशांना आणि शेतकऱ्यांना जमवून बंड पुकारले, ते हाती येतील त्या तलवारी-बंदुकांवर. १८८७ च्या मद्रासच्या काँग्रेसमध्ये या कायद्याविरुद्ध ठराव झाला. आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या अमलाखाली. तिथे ब्रिटिशांचा कायदा जसाच्या तसा लागू नव्हता. पण म्हणून कुणब्याच्या घरी विलायती रिव्हॉल्व्हर येणार होते थोडेच! ते आले तर जहागिरदाराच्या देवडीत, अंमलदाराच्या कमरेला. आणि सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस अ‍ॅक्शन होऊन हैदराबाद संस्थान भारतात आले, तेव्हा रझाकारांची हत्यारे जमा करून घेण्यात आली.

आता लक्षात येईल की आपल्याकडे हा छंद वेगळ्या वाटेने का जातो. अमेरिकेत आजोबांचे रिव्हॉल्व्हर नातवाच्या पेटीत सापडते, सोबत पत्र सापडते, फोटो सापडतो. १८९८ किंवा त्याआधी घडलेले हत्यार तिथल्या १९६८ च्या मध्यवर्ती कायद्याने प्राचीन वस्तू मानले जाते, म्हणून जुन्या कोल्टांचे बाजार भरतात. आपल्याकडे आजोबांच्या पेटीत सापडते ती शस्त्र जमा केल्याची आठवण. स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा शस्त्रकायदा केला आणि १८७८ चा काढून टाकला. गोऱ्या-काळ्याचा भेद गेला, परवाना राहिला, आणि तो राहणेच इष्ट. एका माणसाला किती बंदुका ठेवता येतील यावर १९८३ साली तीनची मर्यादा आली, २०१९ साली ती दोनवर आली. जे हत्यार जुन्या घडणीचे किंवा पुरातन मोलाचे आहे आणि दुरुस्त करूनही बार काढू शकणार नाही, त्याला तेवढी कायद्यात सूट आहे. दहा कोल्ट भिंतीवर टांगण्याची हौस इथे पुरी व्हायची नाही आणि ती व्हावी असे मला वाटतही नाही. शिक्षकाच्या घरी पोरांचा राबता असतो.

मग नवशिक्याने जावे कुठे? संग्रहालयात. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय घ्या. दिनकर गंगाधर केळकर म्हणजे कवी अज्ञातवासी. धंदा चष्म्यांचा, वेड जुन्या वस्तूंचे. १९२० च्या सुमारास त्यांनी जमवायला सुरुवात केली आणि १९९० साली डोळे मिटेपर्यंत हा माणूस खेडोपाडी, वाड्यावाड्यांतून हिंडत राहिला. पत्नी कमलाबाईंची साथ होती. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहाला दिले आणि वीस हजारांच्या घरातला तो सारा संसार महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. तिथे हत्यारे आहेत, दारू ठेवण्याची नक्षीदार शिंगे आहेत, पण शेजारी दिवे आहेत, अडकित्ते आहेत, वाद्ये आहेत. हत्यार जिथे माणसांच्या इतर वस्तूंत बसते तिथेच ते खरे बोलते, हे मला केळकरांनी शिकवले. आम्हा मराठवाड्याच्या लोकांना हैदराबादही परके नाही. तिथे तिसरे सालारजंग, मीर युसुफ अली खान, यांनी हयातभर जमवलेल्या वस्तूंचे संग्रहालय १९५१ साली लोकांसाठी उघडले. त्याचे शस्त्रदालन पाहायला एक अख्खा दिवस हवा. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातही छत्रपतींच्या घराण्याची हत्यारे पाहायला मिळतात.

काचेपलीकडचे रिव्हॉल्व्हर कसे पाहावे, याची माझी रीत सांगतो. आधी घोडा आणि चाप यांचे नाते पाहावे. चाप मागे आणि सडपातळ असेल तर बहुधा सिंगल अ‍ॅक्शन. मग चक्री: मागे टोप्या बसवायची टोके आहेत की काडतुसाची आरपार भोके? एवढ्यावरून काळाचा ढोबळ अंदाज येतो. मग चौकटीवरचे, चक्रीवरचे, नळीवरचे क्रमांक. ते जुळले तर सारे भाग मूळचे. मग स्क्रूंची डोकी. ती चेमटली असतील तर कोणी अडाण्याने खोलले आहे. आणि शेवटी रंग. जुन्या लोखंडावर चढलेली तपकिरी छटा घासून चकचकीत केली की हत्यार नवे दिसते आणि निम्म्याने मरते. चारठाण्यात राहणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. जुन्या शिल्पावर कोणी भक्तीने तैलरंग फासला, की हजार वर्षांची छिन्नी एका दुपारी बुजते.

क्रमांकाचे मोल पटवणारी एक हकीकत अलीकडचीच आहे. चक्रीचे दिवस विसाव्या शतकात मागे पडले आणि आपोआप भरणारी पिस्तुले आली. १९०९ साली सावरकरांनी लंडनहून पाठवलेली वीस ब्राउनिंग पिस्तुले त्याच जातीची. त्यांतल्याच एकाने नाशकात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. तसेच एक .३२ चे कोल्ट पिस्तूल १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरला भगतसिंगांच्या हाती होते. साँडर्सवर पहिली गोळी झाडणारे आपल्या खेडचे शिवराम राजगुरू त्यांच्याबरोबर होते. खटला झाला, तिघे फाशी गेले, आणि ते पिस्तूल विस्मृतीत गेले. पुढे पंजाबातल्या फिल्लौरहून जुन्या हत्यारांबरोबर ते इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रशाळेत आले आणि काळा रंग फासलेल्या इतर नगांत एक नग होऊन पडून राहिले. २०१६ साली एका पत्रकाराने जुन्या कागदांतला क्रमांक शोधून काढला, १६८८९६. इंदूरला नगांवरचा रंग खरवडला, तेव्हा एकाखाली तोच क्रमांक निघाला. काल जे लोखंड होते त्याच्यापुढे आज माणसे हात जोडतात. लोखंडात तसूभरही फरक पडलेला नव्हता. फक्त त्याला त्याचे कागद परत मिळाले.

माझ्या वहीचे कारण हेच. वस्तू आणि तिची नोंद यांची फारकत झाली की उरतो तो धातू. चारठाण्यात आम्ही हे दगडांच्या बाबतीत पाहतो. देवळाच्या कोनाड्यातली मूर्ती कोनाड्यात असते तोवर ती देवता असते, कालखंड असते, गावाची वंशावळ असते. कोणी ती उचलून शहरातल्या दिवाणखान्यात नेली की ती नुसती शोभा. हत्यारांचे याहून वाईट. मूर्तीला निदान गिऱ्हाईक मिळते. गंजलेले रिव्हॉल्व्हर भीतीपोटी विहिरीत जाते किंवा भंगाराच्या तराजूत. मग ते हलगलीच्या फौजेबरोबर आले होते की देवडीच्या शोकेसात जन्मभर झोपले होते, हे सांगणारे कोणी राहात नाही.

म्हणून दिवाळीच्या निमित्ताने एक विनवणी. या दिवसांत घरोघर माळे झाडले जातात, जुन्या पेट्या उघडतात. वाड्याच्या एखाद्या अंधाऱ्या कोनाड्यात जुने हत्यार हाती आले, तर मुलांना दूर करावे आणि घोड्याला, चापाला हात लावू नये. दीडशे वर्षांपूर्वी भरलेला बारही आत तसाच असू शकतो. घासू नये, लपवू नये, विकू नये. पोलीस ठाण्याला रीतसर कळवावे आणि संग्रहालयाकडे देता येईल का, अशी लेखी विचारणा करावी. पण त्याआधी एक काम घरातल्या घरात करावे. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला बोलवावे, एक कोरा कागद घ्यावा, आणि हे कोणाचे, कुठून आले, कधीपासून इथे आहे, ते त्यांच्या तोंडून ऐकून तारखेसह लिहून ठेवावे. हत्यार सरकारात जमा होईल, ते व्हायलाच हवे. कागद जमा करायला कोणी सांगत नाही. तो जपून ठेवावा.